पानुफनिक पहिल्यांदा ऐकताय? मग हे वाचा

पोलिश संगीतकार आंजेय पानुफनिकची रेकॉर्ड हातात घेऊन "हा कोण बुवा?" असं बरेच ग्राहक विचारतात, म्हणून आता रेकॉर्डसोबत हा कागदच देतोय.

जन्म वॉर्सोचा, 1914. वडील व्हायोलिनं बनवायचे. शिक्षण तिथलंच, मग कंडक्टिंग (ऑर्केस्ट्राचं संचालन) शिकायला व्हिएन्नाला फेलिक्स वाइनगार्टनरकडे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी वॉर्सो घेतल्यावर मैफली बंद, तेव्हा पोटासाठी हा आणि विटोल्ड लुटोस्लावस्की (हो, तोच, पुढे जगभर गाजलेला संगीतकार) कॅफेत जोडीनं पियानो वाजवायचे. 1944 च्या जर्मनांविरुद्धच्या उठावात शहर बेचिराख झालं, पण ह्याची हस्तलिखितं त्यातूनही वाचली, आणि मग काय, घरात नंतर राहायला आलेल्या कुणा बाईनं ती रद्दी समजून जाळली!! थोडं त्यानं आठवून परत लिहिलं, 'ट्रॅजिक ओव्हर्चर' त्यातलंच.

युद्धानंतर क्राकाव आणि वॉर्सोचे ऑर्केस्ट्रा सांभाळले, कम्युनिस्ट सरकारनं मानपान दिला पण संगीत कसं लिहायचं तेही सरकारच सांगायला लागलं, शेवटी जुलै 1954 मध्ये झुरिकला रेकॉर्डिंगसाठी गेलेला असताना मागे लागलेल्या गुप्त पोलिसांना रात्री टॅक्सीतून चकवून गडी लंडनला पोचला. पोलंडमध्ये त्याचं संगीत आणि नाव दोन्हीवर बंदी, ती 1977 पर्यंत. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमचा ऑर्केस्ट्रा 1957 ते 59 चालवला, मग वेळ मुख्यतः संगीत लिहिण्याला. 1990 मध्ये वॉर्सोला परत गेला, 1991 मध्ये इंग्लंडात 'सर' झाला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वारला.

पळून जाण्याची गोष्ट भारी आहे, पण तिच्यामुळे संगीत मागे पडतं असं आमचं मत. सुरुवात 'सिन्फोनिया साक्रा' ह्या सिंफनीनं करा (1963). चार ट्रम्पेट ऑर्केस्ट्राच्या चार बाजूंनी एकमेकांना साद घालतात, त्यामुळे दोन्ही स्पीकर नीट लांब ठेवा, मोबाईलवर ही मजा येणार नाही. त्यानंतर नुसती तंतुवाद्यं, एकदम हळू. इथे बरेच जण आवाज वाढवतात, प्लीज नको, पुढे तालवाद्यांचा धडाका आहे आणि शेजारी आमच्या नावानं ओरडतात :) शेवटी 'बोगुरोजित्सा' हे पोलंडचं मध्ययुगीन स्तोत्र हळूहळू वर येतं, सगळी सिंफनी त्याच्याच सुरांवर उभी आहे.

हळू भागात चरचर ऐकू आली तर रेकॉर्ड खराब आहे असं लगेच समजू नका, बहुतेक वेळा धूळच असते. दुकानात घेऊन या, धुवून देतो.