आठ वारांच्या निऱ्या

किल्ट म्हणजे स्कॉटलंडच्या पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा, निऱ्यांचा घागरा. त्याचं कापड घेताना नवखा माणूस आधी रंग बघतो. शिवणारा मात्र विचारतो, किती औंस? हे एक वार लांब आणि साधारण दीड मीटर पन्ह्याच्या कापडाचं वजन. १०-११ औंस म्हणजे हलकं, १३ मधलं, १६ भारी. लष्करी किल्टचं कापड त्याहूनही जाड. अशा पन्ह्याचं चार वार कापड लांबीत मधोमध कापून जोडलं, की झाले आठ वार. म्हणजे नऊवारीला एकच वार कमी! १६ औंसाचं असेल, तर नुसतं कापडच १.८ किलो भरतं.

एवढं ओझं कमरेला कशासाठी? निऱ्यांसाठी. चालताना मागच्या निऱ्या झुलतात आणि पाऊल थांबलं की आपोआप जागेवर येतात, ते या वजनामुळे. हलकं कापड वाऱ्यावर फडफडतं आणि बसून उठलं की चुरगळलेलं दिसतं.

पण नुसतं वजन पुरत नाही, कापड लोकरीचं हवं. लोकर आणि आपले केस एकाच जातीच्या प्रथिनाचे, केराटिनचे. ओले केस गुंडाळून वाळवले की कुरळे राहतात ना, तसंच इथे होतं. वाफेने केराटिनच्या साखळ्यांमधले हायड्रोजन बंध सुटतात, आणि कापड निवून सुकताना नव्या घडीत पुन्हा जुळतात. निरी बसते ती अशी. त्यातही लोकर वर्स्टेड हवी, म्हणजे लांब तंतू विंचरून, एका दिशेला लावून कातलेली. पिंजलेल्या लोकरीचं ट्वीड ऊबदार खरं, पण त्यावर निरीची धार बोथट दिसते. पॉलिव्हिस्कोस, म्हणजे पॉलिस्टर आणि व्हिस्कोस यांचं मिश्र कापड, स्वस्त आणि धुवायला सोपं आहे. हौसेपुरतं ठीक, लग्नासाठी शिवायचा असेल, तर मी १६ औंसाची लोकरच सुचवेन.

आता वीण. भिंग धरून पाहिलं तर आडवा धागा दोन उभ्या धाग्यांवरून, दोघांखालून जातो आणि पुढच्या ओळीत एक धागा सरकतो. म्हणून टार्टनवर, म्हणजे किल्टच्या रंगीत चौकड्यांच्या कापडावर, तिरप्या रेघा दिसतात. साध्या विणीपेक्षा यात धाग्यांची अडकाअडक कमी, त्यामुळे ते दाट बसवता येतात आणि कापड जाड असूनही अंगाबरोबर वळतं. दोन रंग जिथे एकमेकांना छेदतात तिथे डोळ्याला तिसराच रंग भासतो. सहा रंगांचे धागे घेतले, तर सहा शुद्ध आणि पंधरा मिश्र अशा २१ छटा मिळतात! १८६१ मध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल या स्कॉटिश शास्त्रज्ञाने तीन रंगांतून रंगीत छायाचित्र उभं करून दाखवलं, तेही टार्टनच्या फितीचंच होतं.

शेवटी काठ बघा. किल्टसाठी विणलेल्या कापडाचा काठ मागावरच पक्का झालेला असतो, तो दुमडून शिवत नाहीत. दुमडला, तर प्रत्येक निरीच्या तळाशी जाडी वाढते आणि एकावर एक बसलेल्या निऱ्या गुडघ्यापाशी फुगतात.