पाण्याखालचा कॅमेरा आणि माणसाचा हात

दिवाळीच्या सुट्टीत जळगाव-धुळ्याकडची कितीतरी कुटुंबे आता मालवण-तारकर्लीला जातात आणि पाण्याखाली काढलेले फोटो घेऊन परततात. त्या फोटोंत चेहऱ्याभोवती पट्ट्यापट्ट्यांच्या माशांचा घोळका दिसतो. मी स्वतः पाण्यात उतरलो तेव्हा पाहिले, की सोबतचा माणूस मुठीत पावाचा तुकडा कुस्करतो आणि मगच मासे तोंडासमोर जमतात. फोटोसाठी जलचरांना किती छेडावे, हा प्रश्न मात्र या मुठीपेक्षा पुष्कळ जुना आहे.

फ्रान्सच्या किनाऱ्यावर लुई बुताँ यांनी 1893 मध्ये पाण्याखाली छायाचित्रे घेतली. पुढे 1926 मध्ये विल्यम लाँगली आणि चार्ल्स मार्टिन यांनी फ्लोरिडाजवळच्या समुद्रात माशांची रंगीत छायाचित्रे टिपली, तेव्हा पुरेसा उजेड मिळावा म्हणून तराफ्यावर मॅग्नेशियमच्या भुकटीचा भडका उडवावा लागला होता. झाक कुस्तो आणि एमिल गान्याँ यांच्या 1943 सालच्या श्वसनयंत्रामुळे माणूस पाण्यात मोकळा फिरू लागला. पण 1956 मध्ये फ्रान्समधील कान चित्रपट महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळवणाऱ्या कुस्तो यांच्या माहितीपटात, माशांची मोजदाद करता यावी म्हणून प्रवाळात डायनामाइट उडवल्याचे दृश्य आहे. हेच कुस्तो पुढे समुद्ररक्षणासाठी जगभर झटले, म्हणून ते दृश्य मला एका माणसाच्या दोषापेक्षा त्या काळाच्या समजुतीची साक्ष वाटते.

कॅमेरे लहान आणि स्वस्त झाले तसे स्फोट थांबले, पण हात जवळ आला. समुद्रघोड्याला उचलून चांगल्या पार्श्वभूमीवर ठेवणे किंवा केंड माशाला डिवचून फुगवणे, असे प्रकार सुरू झाले. केंड पाणी गिळून फुगतो ती त्याची जीव वाचवण्याची धडपड असते, आणि फोटोत मात्र ती गंमत म्हणून दिसते. फ्लॅशने माशांचे डोळे जातात, असा समज बराच काळ होता. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तशी इजा आढळली नाही, उलट सर्वाधिक त्रास हाताळण्याने होतो, असे दिसले.

भारतात समुद्रघोडे, देवमुशी (व्हेल शार्क) आणि प्रवाळ यांना 2001 मध्ये वन्यजीव कायद्याच्या, सर्वाधिक संरक्षण देणाऱ्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. त्या कायद्यातील ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत आमिष दाखवणेही येते, परंतु पावावर जमणारे ते पट्ट्यांचे मासे अनुसूचीत नाहीत.

खानदेशाला समुद्र नसला तरी हा प्रश्न परका नाही. शतकाहून अधिक काळ न दिसलेला रानपिंगळा 1997 मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला आणि कॅमेरेवाले सातपुड्यात येऊ लागले. पक्षी समोर यावा म्हणून मोबाइलवर त्याचीच हाक वाजवली जाते. आपल्या हद्दीत दुसरा शिरला, असे समजून तो अन्न शोधणे सोडून उघड्या फांदीवर येऊन बसतो.