कॉम्प्युटर नीट शटडाऊन न होणे

स्टार्ट मेनूतून शटडाऊन दिल्यावर घरातला पीसी किंवा लॅपटॉप पूर्ण बंद न होता मध्येच कुठेतरी अडकून बसतो, किंवा बंद झाल्यासारखा वाटतो आणि थोड्या वेळाने आपोआप परत चालू होतो, या सगळ्या प्रकारांना मिळून ढोबळपणे शटडाऊन प्रॉब्लेम म्हणतात. विंडोजवाल्या मशीनवर ही तक्रार नव्वदच्या दशकापासून आहे, कारणं मात्र बदलत गेली. बरेच जण अशा वेळी सरळ भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद करून झोपायला जातात आणि मग मूळ दुखणं महिनोन्महिने तसंच राहतं. खरं तर मशीन नेमकं कुठे अडकतंय एवढं एकदा नीट बघितलं तर निम्मा शोध तिथेच लागतो.

बंद होताना आत काय चालतं

शटडाऊन म्हणजे दिव्याचं बटण नाही, ती क्रमाने चालणारी आवराआवर आहे. आधी विंडोज उघड्या असलेल्या प्रत्येक प्रोग्रामला विचारतं की बाबा बंद होतोयस ना, त्याने साधारण ५ सेकंदांत उत्तर दिलं नाही तर तो अडकलाय असं धरलं जातं आणि "हे अ‍ॅप बंद व्हायला अडवतंय" अशी स्क्रीन येते. मग युजर लॉगऑफ होतो, त्याच्या सेटिंग्ज रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) लिहिल्या जातात, त्यानंतर मागे चालणाऱ्या सर्व्हिसेस थांबवल्या जातात, मेमरीत राहिलेलं लिखाण डिस्कवर उतरतं, ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारे छोटे प्रोग्राम) आपापलं हार्डवेअर झोपवतात आणि सगळ्यात शेवटी मदरबोर्डला एस५ म्हणजे पूर्ण बंद अवस्थेत जायला सांगितलं जातं. यातला एक जण जरी अडून बसला तरी पुढची रांग खोळंबते.

जुना इतिहास

१९९५ च्या आसपासच्या एटी या जुन्या धाटणीच्या पॉवर सप्लायला खरंखुरं खटक्याचं बटण असायचं, त्यामुळे विंडोज ९५ आवराआवर करून काळ्या स्क्रीनवर नारिंगी अक्षरांत आता कॉम्प्युटर बंद केलात तरी चालेल असं सांगायचं आणि शेवटचा खटका माणसानेच दाबायचा. इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स ही बोर्ड आणि सप्लायची नवी धाटणी आणली, त्यात सॉफ्टवेअरला स्वतः पॉवर तोडता यायला लागली. त्याआधी १९९२ पासून वीज सांभाळायचं एपीएम हे मानक होतं आणि डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबाने मिळून त्याच कामाचं एसीपीआय हे नवं मानक आणलं, आजही कामकाज त्यावरच चालतं. या संक्रमणात भरपूर मशीन अडकली. विंडोज ९८ सेकंड एडिशनच्या शटडाऊन अडचणींसाठी मायक्रोसॉफ्टला वेगळी दुरुस्ती द्यावी लागली होती. एक्सपीच्या काळात "सेव्हिंग युअर सेटिंग्ज" वर तास न् तास थांबणारी मशीन खूप दिसायची, कारण एखादा प्रोग्राम युजरची रजिस्ट्री सोडायचाच नाही.

फास्ट स्टार्टअप

२०१२ मध्ये विंडोज ८ आलं आणि शटडाऊनचा अर्थच बदलला. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाऊन दिल्यावर युजर लॉगऑफ होतो खरा, पण कर्नल (विंडोजचा गाभा) आणि ड्रायव्हर यांची अवस्था पुसली न जाता डिस्कवरच्या हायबरफिल फाइलमध्ये लिहून ठेवली जाते आणि दुसऱ्या दिवशी तीच परत उचलली जाते. म्हणजे बिघडलेला ड्रायव्हर बिघडलेल्या अवस्थेतच रोज सकाळी उठतो. खात्री करायची असेल तर टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये सीपीयूखाली अप टाइम बघा, रोज रात्री बंद करणाऱ्याच्या मशीनवरही तिथे ८-१० दिवस दिसतात. रीस्टार्टला हे लागू नाही, रीस्टार्ट म्हणजे खरी पूर्ण आवराआवर, म्हणून "एकदा रीस्टार्ट करून बघ" हा सल्ला उगाच दिलेला नसतो.

माझं स्पष्ट मत आहे की एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) असलेल्या घरगुती पीसीवर फास्ट स्टार्टअप बंदच ठेवावं, वाचणारे दोनचार सेकंद या कटकटीच्या मोलाचे नाहीत. कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, मग पॉवर बटणं काय करतात ते निवडायचं पान, तिथे वर एक लिंक असते ती दाबल्याशिवाय खालचे चौकोन फिकेच राहतात, ती दाबायची आणि फास्ट स्टार्टअपची टिक काढायची. एकदाच बघायचं असेल तर शिफ्ट दाबून धरून शटडाऊन द्या. त्याच मशीनवर विंडोजच्या शेजारी लिनक्स टाकलेलं असेल तर मात्र हे बंद करणं गरजेचंच आहे, नाहीतर विंडोजचं अर्धवट झोपलेलं पार्टिशन लिनक्समध्ये लिहायला मिळत नाही.

कुठे अडकतंय त्यावरून दोषी

प्रोग्रामचं नाव दाखवणाऱ्या स्क्रीनवर अडकलं तर प्रश्न सोपा, त्या प्रोग्रामला अपडेट करा किंवा काढा. "शटिंग डाऊन" लिहून ठिपके गोल गोल फिरत राहिले तर बहुतेक वेळा एखादी सर्व्हिस किंवा ड्रायव्हर आहे, इथे क्लीन बूट कामाला येतं, म्हणजे एमएसकॉन्फिगमध्ये मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हिसेस लपवून बाकीच्या बंद करायच्या आणि मग निम्म्या निम्म्या चालू करत गुन्हेगार पकडायचा. त्याच वेळी प्रिंटर, वेबकॅम, पेनड्राइव्ह सगळं उपटून बघायचं. काही मिनिटं असंच राहून शेवटी ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर अशी विंडोज कोसळल्याची निळी स्क्रीन आली तर मग शंकाच नको, कुठला तरी ड्रायव्हर झोपायला नकार देतोय.

स्क्रीन काळी झाली, पण सीपीयूचा (आपल्याकडे अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतात) पंखा फिरतोय आणि दिवा जळतोय, तर विंडोजने आपलं काम बहुतेक संपवलंय आणि गाडी शेवटच्या पायरीवर अडली आहे. अशा वेळी चिपसेटचे (मदरबोर्डवरच्या मुख्य चिपचे) ड्रायव्हर आणि बायोस (मदरबोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) यांचे अपडेट बघायचे.

शटडाऊन दिलं की मशीन उलट रीस्टार्टच होतं हा प्रकार मी मामांच्या घरी जवळून पाहिलाय. स्क्रीन काळी व्हायच्या आधी निळं काहीतरी फ्लॅश व्हायचं, इतकं पटकन की मामींना ते दिसलंच नव्हतं, मामा म्हणायचे मदरबोर्ड गेलाय. सिस्टिम प्रॉपर्टीजमधल्या स्टार्टअप अँड रिकव्हरीत "ऑटोमॅटिकली रीस्टार्ट" ची टिक काढली आणि पुन्हा शटडाऊन दिलं, तेव्हा निळी स्क्रीन तशीच थांबली आणि खाली जुन्या वायफाय डोंगलच्या ड्रायव्हर फाइलचं नाव दिसलं. ड्रायव्हर काढला, डोंगल उपटलं, शटडाऊन दिलं आणि पंखा शांत झाला. मदरबोर्ड ठणठणीत होता.

"अपडेट अँड शटडाऊन" देऊनही सकाळी मशीन लॉगिन स्क्रीनवर ताटकळत बसलेलं दिसायचं, हा दोष मायक्रोसॉफ्टचाच होता आणि विंडोज ११ मध्ये तो ऑक्टोबर २०२५ च्या अपडेटमध्ये दुरुस्त केला गेला.

बंद होऊन परत जागं होणं

हा वेगळा रोग आहे. स्लीपमध्ये असताना माउस हलला, किंवा नेटवर्क कार्डावर वेक ऑन लॅन (नेटवर्कवरून मशीन जागं करायची सोय) चालू असलं, तर मशीन उठतं. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी स्लॅश लास्टवेक लिहिलं की झोपेतून शेवटी कोणी उठवलं ते कळतं. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या डिव्हाइसच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबवरून जागं करायची परवानगी काढून घ्यायची. लोडशेडिंगच्या गावांत आणखी एक गंमत दिसते, लाइट आली की बंद ठेवलेला पीसी स्वतःच चालू होतो, ते बायोसमधल्या वीज परत आल्यावर काय करायचं या सेटिंगमुळे.

नोंदी कुठे मिळतात

इव्हेंट व्ह्यूअर म्हणजे विंडोजची नोंदवही, तिच्या सिस्टिम लॉगमध्ये नोंद क्रमांक १०७४ म्हणजे कोणी शटडाऊन मागितलं, ६००६ म्हणजे व्यवस्थित बंद झालं, ६००८ म्हणजे आधीचं बंद होणं अनपेक्षित होतं आणि ४१ म्हणजे मशीन नीट बंद न होता परत सुरू झालं. १०७४ आहे पण ६००६ नाही असं दिसलं तर मध्येच कुठेतरी घोळ झालाय.

जबरदस्तीने बंद करणं

पॉवर बटण साधारण ४ सेकंद दाबून धरलं की मशीन बंद होतंच. अडकल्यावर कधीतरी करायला हरकत नाही, पण अपडेटची टक्केवारी चालू असताना अजिबात नको, मग एक तास लागला तरी थांबा. एनटीएफएस या विंडोजच्या डिस्कवर फाइल मांडायच्या पद्धतीत बदलांची नोंद ठेवणारं जर्नल असतं, ते डिस्कची रचना सांभाळतं, अर्धवट लिहिलेल्या फाइलचा मजकूर नाही. फिरत्या हार्डडिस्कमध्ये अचानक वीज गेली की वाचणारं-लिहिणारं हेड घाईने मागे घेतलं जातं, तेव्हा टक् असा आवाज येतो, आणि एनव्हीएमई (नव्या वेगवान जोडणीची) एसएसडी तर "अनसेफ शटडाऊन्स" चा आकडा स्वतःच मोजत बसते, तो मोफत टूलमध्ये दिसतो.

शटडाऊननंतर माउसचा लाल दिवा किंवा कीबोर्डचा लाइट चालू राहिला म्हणून मात्र घाबरू नका. एटीएक्स सप्लाय बंद अवस्थेतही ५ व्होल्टची एक लाइन जिवंत ठेवतो आणि काही मदरबोर्डांवर यूएसबीला तिथूनच करंट मिळतो, बायोसमध्ये ईआरपी (बंद असताना वीज वाचवायचं सेटिंग) चालू केलं तर तोही जातो, आणि पंखा थांबल्यावर भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद केलं तर काहीही बिघडत नाही.