‘द स्टुडिओ’चा शेवट थिएटरमालकांसमोर का होतो? : पार्श्वभूमी

हॉलिवूडच्या एका स्टुडिओवरची विनोदी मालिका ‘द स्टुडिओ’, तिच्या पहिल्या पर्वाचे शेवटचे दोन भाग, ‘सिनेमाकॉन’ आणि ‘द प्रेझेंटेशन’, सलग पाहायला हवेत. शेवटचा भाग २१ मे २०२५ रोजी आला. नशेत भान हरपलेला कंपनीप्रमुख, त्याला कसंबसं उभं ठेवणारी टीम आणि अखेरीस तारांना लटकून सभागृहावरून फिरणारा तो देह, हे सगळ्यांच्या लक्षात राहिलं. मालिकेतला स्टुडिओप्रमुख मॅट रेमिक ज्यांच्यापुढे एवढा कासावीस होतो, ते समोर बसलेले लोक थिएटरमालक आहेत, याकडे मात्र फारसं कुणी पाहिलं नाही. हॉलिवूडचा स्टुडिओप्रमुख दरवर्षी लास व्हेगासला जाऊन थिएटरमालकांपुढे आपला माल मांडतो, ही रीत एका न्यायालयीन निकालातून आली आहे.

३ मे १९४८ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पॅरामाउंट खटल्याचा निकाल दिला. तोवर पाच मोठे स्टुडिओ स्वतः थिएटरं बाळगून होते. देशातल्या एकूण थिएटरांपैकी त्यांचा वाटा जेमतेम १७ टक्के, पण एक लाखावर वस्तीच्या ९२ शहरांत पहिल्या फेरीच्या, म्हणजे नवा सिनेमा सर्वांत आधी जिथे लागे त्या थिएटरांपैकी किमान ७० टक्के त्यांच्याकडे. पैसा पहिल्या फेरीतच असे, त्यामुळे १७ टक्क्यांचा आकडा फसवा आहे. निकालाने ‘ब्लॉक बुकिंग’ही मोडलं. हवा असलेला एक सिनेमा मिळवायचा तर नको असलेले बरेच गळ्यात घ्यायचे, असा तो व्यवहार होता. स्टुडिओंना पुढच्या काही वर्षांत थिएटरं सोडावी लागली आणि तिथून पुढे प्रत्येक सिनेमा थिएटरमालकाला वेगळा विकावा लागला. कधी काळी स्वतःच्या घरात माल ठेवणारा व्यापारी दुसऱ्याच्या दुकानात फळी मागायला लागला.

थिएटरवाल्यांचा मेळावा १९७५ मध्ये ‘शोवेस्ट’ नावाने सुरू झाला. २०११ पासून त्याची जागा ‘सिनेमाकॉन’ने घेतली. तो भरतो सीझर्स पॅलेस हॉटेलात, आणि मुख्य कार्यक्रम होतात तिथल्या चार हजारांवर आसनांच्या कलोसियम सभागृहात. स्टुडिओंना वेगवेगळ्या वेळा नेमून दिलेल्या असतात. त्या वेळात वर्षभराच्या सिनेमांच्या तारखा, झलका, काही अपुरी दृश्यं आणि मंचावर चेहरे. मालिकेत कलाकारांना शुद्धीवर ठेवण्याची जी धडपड दिसते तिचं व्यावहारिक कारण हेच. कलाकार मंचावर आला नाही तर थिएटरमालक त्याचा अर्थ ‘या सिनेमावर स्टुडिओचाच भरवसा नाही’ असा लावतो. मग मोठा पडदा आणि दिवसाचे जास्त खेळ दुसऱ्याच्या सिनेमाला जातात.

खरी खडाखडी आहे ती ‘विंडो’ या एका शब्दाभोवती. सिनेमा थिएटरात लागल्यापासून तो घरी पाहायला मिळेपर्यंतचा काळ म्हणजे विंडो, एवढं सगळे सांगतात. घोटाळा असा की घरी पाहण्याचे प्रकार तीन आहेत आणि प्रत्येकाची मुदत वेगळी. जास्त पैसे मोजून भाड्याने, मग नेहमीच्या भाड्याने किंवा विकत, आणि शेवटी वर्गणीच्या ओटीटीवर. एखादा स्टुडिओ ‘आम्ही ४५ दिवस पाळतो’ म्हणतो तेव्हा यातले कोणते ४५ हे विचारलंच पाहिजे. थिएटरवाला पहिल्या प्रकाराला भितो, कारण प्रेक्षकाचा ‘थोडं थांबू, घरीच पाहू’ हा हिशेब तिथेच सुरू होतो. ओटीटी कंपनीला तिसऱ्याची घाई असते.

२०२० पर्यंत अमेरिकेत ढोबळमानाने तीन महिन्यांची प्रथा होती. कायदा नव्हता, निव्वळ दबदबा होता. महासाथीत एप्रिल २०२० मध्ये एका मोठ्या स्टुडिओने आपला ॲनिमेशनपट थेट १९.९९ डॉलरच्या घरगुती भाड्यावर सोडला. सर्वांत मोठ्या थिएटर साखळीने त्या स्टुडिओचे सिनेमे यापुढे लावणारच नाही असं जाहीर केलं. जुलैअखेरीस त्याच दोघांनी करार केला. थिएटरात किमान १७ दिवस, म्हणजे तीन शनिवार-रविवार, आणि घरगुती भाड्याच्या पैशांत साखळीचाही वाटा. नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या एका साखळीशी झालेल्या करारात आणखी एक कलम आलं : पहिल्या आठवडाअखेरची कमाई पाच कोटी डॉलर किंवा त्याहून जास्त झाली तर मुदत ३१ दिवस. मुदत कमाईला बांधल्यामुळे चांगल्या चाललेल्या सिनेमाला जास्त काळ मिळतो. हळूहळू तोंडी प्रसिद्धीने वर येणारा लहान सिनेमा मात्र सतराव्या दिवशीच उघडा पडतो. जो सिनेमा थिएटरांनी जपायला हवा, त्याच्याच वाट्याला सर्वांत कमी दिवस आले.

त्यानंतर ३ डिसेंबर २०२० चा निर्णय आला, आणि आजही व्यवसायात त्यावर एकमत नाही. एका स्टुडिओने २०२१ चे सगळे १७ सिनेमे अमेरिकेत थिएटर आणि स्वतःच्या ओटीटीवर एकाच दिवशी आणायचं जाहीर केलं, ओटीटीवर महिनाभर. बाजूने सांगितलं जातं की थिएटरं बंद होती, कंपनीला वर्गणीदार हवे होते. पण थिएटरं बंद असल्याचं कारण त्या हिवाळ्यापुरतं ठीक होतं, पुढच्या डिसेंबरपर्यंतच्या सिनेमांना ते लावणं पटत नाही. दिग्दर्शकांना आणि कलाकारांना आगाऊ विचारलं नव्हतं, आणि टिकीटबारीवर बांधलेले त्यांचे मानधनाचे करार एका दिवसात कोसळले. २०२२ पासून तोच स्टुडिओ ४५ दिवसांवर परतला. एप्रिल २०२५ च्या सिनेमाकॉनमध्ये थिएटरमालकांच्या संघटनेने सर्वांसाठी किमान ४५ दिवसांची जाहीर मागणी केली, म्हणजे २०१९ च्या निम्म्यावर समझोता करायला ते तयार झाले होते. मालिकेचा शेवट त्यानंतर काही आठवड्यांतच आला.

आपल्याकडे हिंदी सिनेमासाठी मल्टिप्लेक्स आठ आठवड्यांचा आग्रह धरतात. मे २०२५ मध्येच एका हिंदी विनोदी चित्रपटाच्या निर्मात्याने ९ मेचं प्रदर्शन ऐनवेळी रद्द करून तो थेट ओटीटीवर न्यायचं ठरवलं, तेव्हा मल्टिप्लेक्स साखळी मुंबई उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने ओटीटी प्रदर्शन थांबवलं आणि सिनेमा २३ मे रोजी थिएटरात लागला, ओटीटीसाठी दोन आठवड्यांच्या तडजोडीने. ‘द स्टुडिओ’चा शेवटचा भाग येऊन तेव्हा दोन दिवस झाले होते.

या सगळ्यात मालिकेतला मॅटचा कॉन्टिनेंटल स्टुडिओ ॲमेझॉनला विकला जाण्याची बातमी का हादरवते ते कळतं. प्रत्यक्षात ॲमेझॉनने एमजीएम हा हॉलिवूडचा जुना स्टुडिओ ८.४५ अब्ज डॉलरला घेतला, व्यवहार मार्च २०२२ मध्ये पुरा झाला. अशा मालकाला तिकिटाच्या पैशांची गरज नसते, म्हणून विंडो पाळायचं बंधनही त्याला आतून वाटत नाही. दुसरीकडे, एप्रिल २०२५ मध्ये याच कंपनीने सिनेमाकॉनच्या मंचावर पहिल्यांदा पूर्ण सादरीकरण केलं. तेव्हा मालिकेतली भीती खरी असली तरी ती एकाच बाजूची आहे. आणि १९४८ चे निर्बंधही उठले आहेत : ऑगस्ट २०२० मध्ये न्यायालयाने ते रद्द केले, ब्लॉक बुकिंगपुरती आणखी दोन वर्षांची मुदत ठेवून. २०२४ मध्ये एका मोठ्या स्टुडिओच्या कंपनीने थिएटर साखळी विकत घेतलीसुद्धा.

मालिकेतल्या, नशेत भान हरपलेल्या त्या कंपनीप्रमुखाचं नाव ग्रिफिन मिल आहे. १९९२ च्या ‘द प्लेयर’मधल्या स्टुडिओ अधिकाऱ्याचं हेच नाव होतं आणि तो सिनेमा सुरू होतो जवळपास आठ मिनिटांच्या सलग टेकने, म्हणजे मध्ये कुठेही न कापलेल्या चित्रणाने. ‘द स्टुडिओ’ने नाव आणि पद्धत दोन्ही तिथून उचलली. दुसरा भाग एकाच टेकसारखा आहे, इतर भागांत प्रसंग लांबच लांब टेकमध्ये घेतले आहेत. विनोदासाठी ही पद्धत धोक्याची, कारण विनोदाची वेळ एरवी संकलनाच्या टेबलावर साधतात. दोन वाक्यांमधली अर्धी सेकंद कापली की हशा येतो. सलग टेकमध्ये ती सोय नाही. वेग सेटवरच ठरतो आणि सातव्या मिनिटाला एकाची ओळ चुकली तर आधीची सहा मिनिटं वाया जातात. कॅमेरा चहूकडे फिरत असल्यामुळे दिवे, माइकची काठी आणि माणसं लपवायला जागा राहत नाही. दिवे छतात किंवा सेटच्या वस्तूंतच बसवावे लागतात. मंच, पडद्यामागची गर्दी आणि भरलेलं सभागृह एकाच टेकमध्ये घ्यायचं तर समोर बसलेल्या सगळ्यांनीच प्रत्येक वेळी तेवढ्याच उत्साहाने टाळ्या वाजवाव्या लागतात. जोडीला तारांना टांगलेला नट असला, की प्रत्येक नव्या टेकआधी त्याचे पट्टे आणि अडकवण तपासण्यात वेळ जातो, आणि दिवसभरात मिळणाऱ्या टेकची संख्या त्यावरच ठरते.