फ्रेंच रेड वाइनची रुचीनुसार निवड

फ्रेंच रेड वाइनची रुचीनुसार निवड : फ्रान्समध्ये तयार होणाऱ्या तांबड्या वाइनांतून पिणाऱ्याच्या जिभेला मानवेल अशी वाइन हेरण्याची रीत. इतर देशांच्या वाइनपेक्षा ही निवड अवघड वाटते, त्याचे मुख्य कारण लेबलात आहे. नाशिकच्या किंवा ऑस्ट्रेलियाच्या बाटलीवर ‘शिराझ’, ‘काबेर्ने सोव्हिन्याँ’ असे द्राक्षाच्या जातीचे नाव ठळक छापलेले असते; फ्रेंच बाटलीवर मात्र बहुधा गावाचे किंवा परिसराचे नाव असते, आणि तेथे कोणते द्राक्ष पिकते हे ग्राहकाला ठाऊकच आहे असे धरून चालतात. १९३५ मध्ये कायद्याने सुरू झालेल्या ‘आपेलासियाँ’ म्हणजे उगमनामाच्या व्यवस्थेत प्रत्येक नावामागे मळ्यांची हद्द, द्राक्षांच्या जाती, हेक्टरी उत्पादनाची कमाल मर्यादा आणि अल्कोहोलचे किमान प्रमाण ठरवून दिलेले असते. म्हणजे आपल्याला आवडणारी चव कोणत्या गावाच्या नावाखाली मिळते, एवढेच मुळात शोधायचे असते. दक्षिणेकडच्या ‘पेई दोक’ या नावाच्या वाइनांवर जातीचे नाव सर्रास असते, त्यामुळे नवख्याने तेथून सुरुवात करायला हरकत नाही.

निवडीची पहिली कसोटी तुरटपणाची. द्राक्षाच्या साली व बिया यांतील टॅनिन लाळेतील प्रथिनांशी संयोग पावते, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ खरखरीत वाटू लागते. जांभळे खाल्ल्यावर किंवा फार उकळलेला कोरा चहा प्यायल्यावर नेमके हेच होते. ज्याला हा आखडलेपणा नको असतो त्याने पातळ सालीच्या पिनो न्वार या द्राक्षाकडे, म्हणजे बर्गंडी या प्रांताकडे जावे. तेथील वाइनचा रंग फिका, आंबटपणा स्पष्ट, वास लाल फळांचा आणि जुनी झाल्यावर ओल्या पाचोळ्याचा. तेथील व्होल्ने गावाची वाइन नाजूक असते. शेजारच्याच पोमारची अधिक दणकट. बर्गंडीत गावाइतकेच उत्पादकाचे नावही वाचावे लागते, कारण वारसाहक्काने मळ्यांचे तुकडे होत गेले आहेत : क्लो द व्हूजो हा सुमारे ५० हेक्टरांचा एकच मळा सुमारे ८० मालकांत वाटला गेला असून त्या सर्वांच्या बाटल्यांवर मळ्याचे नाव तेच असते.

बर्गंडीची किंमत परवडत नसेल तर दक्षिणेला लागून असलेला बोजोले हा प्रांत पाहावा. तेथील गामे या द्राक्षाला बर्गंडीच्या फिलिप द बोल्ड या ड्यूकने १३९५ मध्ये हुकूम काढून आपल्या मुलखातून हाकलले होते. बोजोलेच्या ग्रॅनाइटी जमिनीत मात्र ते चांगलेच रुजले. नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी विक्रीला येणाऱ्या ‘नुव्हो’ या त्याच हंगामाच्या ताज्या वाइनवरून या प्रांताची पारख करणे अन्यायाचे ठरेल. फ्लरी, मोर्गाँ, मूलँ-आ-व्हाँ अशा दहा उगमनामांच्या वाइना कितीतरी भरीव असतात. तिखट मटणाबरोबरही हीच वाइन घ्यावी, कारण जास्त टॅनिन आणि जास्त अल्कोहोल असलेली वाइन तिखटाची आग वाढवते.

तुरटपणा हवासा वाटणाऱ्यांसाठी बोर्दो हा प्रांत आहे, पण त्यातही दोन किनारे आहेत. जिरोंद खाडीच्या डाव्या अंगाला, मेदोकमधील पोयाक, सँ-एस्तेफ या गावांच्या खडीच्या जमिनीत जाड सालीचे काबेर्ने सोव्हिन्याँ पिकते. कोवळ्या वयात ते कठोर असते आणि त्याला काही वर्षे पडून राहावे लागते. दोर्दोन्य नदीच्या उजव्या किनाऱ्यावर, सेंत-एमिलियाँ व पोमरोल येथे, मर्लो या द्राक्षाचे प्रमाण जास्त असल्याने वाइन मऊ व गोलसर लागते. ‘मला बोर्दो आवडत नाही’ म्हणणाऱ्याने पुष्कळदा एकाच किनाऱ्याची चव घेतलेली असते.

नाशिकची शिराझ आवडणाऱ्या मराठी वाचकाला रोन खोऱ्याचा उत्तर भाग जवळचा वाटेल, कारण सिरा आणि शिराझ हे एकच द्राक्ष. तेथील क्रोझ-एर्मिताजच्या पेल्यावर नाक नेले तर आधी मिरे जाणवतात, मग ऑलिव्ह आणि धूर. मिऱ्यांचा तो भास नुसती कल्पना नसतो, कारण रोटंडोन हे एकच रसायन दोन्हींत असते. उष्ण हवेत पिकलेल्या शिराझपेक्षा ही वाइन कमी जड आणि जास्त आंबट असते, हे आधीच लक्षात घ्यावे. भरदार, ऊबदार वाइन हवी असेल तर खोऱ्याच्या दक्षिणेकडची, ग्रनाश हे द्राक्ष प्रधान असलेली जिगोंदास किंवा शातोनफ-द्यू-पाप घ्यावी. तिच्यात अल्कोहोल १४ टक्क्यांच्या पुढे सहज जाते.

अर्जेंटिनाच्या माल्बेकची सवय असेल तर त्या द्राक्षाचे माहेर फ्रान्समधील काओर. तेथे किमान ७० टक्के माल्बेक सक्तीचे असून वाइन अधिक काळसर व तुरट असते. त्याहून कडक मादिराँ या उगमनामाची वाइन. लोआर नदीकाठच्या शिनाँमध्ये काबेर्ने फ्राँ या द्राक्षाच्या वाइनला ढोबळ्या मिरचीसारखा हिरवा वास येतो. तो काहींना मोहक, काहींना असह्य वाटतो. गोव्यातील गोड ‘पोर्ट’वर जीभ घडलेल्याला मात्र यांपैकी कोणतीच वाइन रुचणे कठीण. त्याने रूसियाँ या प्रांतातील बान्युल्स किंवा मोरी या गोड वाइना मागवाव्यात : आंबवण चालू असताना द्राक्षाचे मद्यार्क घालून ते थांबवतात आणि त्यामुळे द्राक्षाची साखर वाइनमध्ये उरते.

श्रेणी आणि किंमत यांचा विचार चवीनंतर करावा. बोर्दोची प्रसिद्ध पाच श्रेणींची यादी १८५५ मध्ये तेव्हाच्या बाजारभावांवरून केलेली असून तिच्या श्रेणींत लक्षणीय बदल एकच झाला, तो १९७३ मध्ये मूताँ-रोथशील्ड या मळ्याला पहिली श्रेणी मिळाली तेव्हा. सालही वाचावे : बोर्दोत २०१० आणि २०१६ उत्तम, २०१३ थंड व पावसाळी. ‘मी आं बुतेय ओ शातो’ या ओळीचा अर्थ मळ्यातच बाटलीत भरली एवढाच. तो दर्जाचा दाखला नव्हे.

रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी हा संकेत युरोपातील जुन्या, थंड घरांचा असून त्याचा अर्थ १६ ते १८ अंश सेल्सियस. मुंबईच्या उन्हाळ्यात ३२ अंशांवर उघडलेल्या बाटलीतून अल्कोहोलच आधी नाकात जाते, म्हणून ती दीडेक तास फ्रिजमध्ये ठेवावी. बोजोले तर १३ अंशांच्या आसपास अधिक चांगली लागते. याउलट फार थंड केल्यास टॅनिन अधिकच बोचते, त्यामुळे रात्रभर फ्रिजमध्ये राहिलेली मेदोक किंवा मादिराँ ओतण्याआधी तासभर बाहेर काढून ठेवावी लागते.