आवारातील डांबरी पृष्ठाचे नूतनीकरण (बेळगाव सीमाभाग)

व्यापारी संकुले, वखारी, कारखाने, मंगल कार्यालये, रुग्णालये यांच्या आवारातील जुन्या डांबरी थरावर, किंवा त्याचा वरचा भाग खरवडून काढून, डांबरी मिश्रणाचा नवा थर घालण्याची क्रिया. बोलण्यात ‘कार्पेट टाकणे’ किंवा नुसतेच ‘डांबरीकरण’. येथे डांबर म्हणजे खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून मिळणारे बिट्युमेन समजावे. दगडी कोळशापासूनचे डांबर रस्तेकामातून बव्हंशी बाद झाले आहे. नोंद मुख्यतः बेळगाव (२०१४ पासून अधिकृत नाव बेळगावी), खानापूर, निपाणी, चिक्कोडी आणि लगतच्या तालुक्यांपुरती मर्यादित आहे.

उगम : बांधकामात डांबराचा वापर प्राचीन आहे. मोहेंजोदडोच्या महास्नानगृहात पाणी झिरपू नये म्हणून विटांच्या मागे डांबराचा थर दिलेला आढळतो. बॅबिलनमध्ये नाबोपोलासर राजाच्या काळात (इ. स. पू. सातव्या शतकाची अखेर) डांबरात विटा बसवून मार्ग बांधल्याचे मानतात. आधुनिक डांबरी पृष्ठाचा आरंभ कोठला, याबद्दल एकमत नाही. फ्रेंच परंपरा हा मान पॅरिसला देते. तेथील पहिल्या रस्त्याचे साल कोणी १८५४, तर कोणी १८५८ देतात. अमेरिकन लेखक बेल्जियन रसायनज्ञ एडमंड डी स्मेट यांनी १८७० मध्ये न्यूअर्क येथे केलेल्या कामापासून मोजदाद करतात. पॅरिसचे काम निसर्गतःच डांबर मुरलेल्या चुनखडकाची पूड तापवून धुमसलेले होते; वाळू व डांबर ठरवून कालवण्याची रीत डी स्मेट यांच्या कामात दिसते. आजच्या हॉटमिक्सचे (तापवून कालवलेल्या डांबरी मिश्रणाचे) नाते या दुसऱ्या रीतीशी जुळत असल्याने १८७० हे साल अधिक ग्राह्य वाटते. ब्रिटनमध्ये हूली यांनी १९०२ साली पेटंट घेतलेला टारमॅक कोळशाच्या डांबराचा होता. त्याची गल्लत या दोहोंशी होऊ नये.

भारतात मोटारींच्या रबरी धावा पाणी मारून दाबलेल्या खडीच्या रस्त्यातील बारीक माती ओढून काढू लागल्या, तेव्हा हा प्रश्न ऐरणीवर आला. १९२७ मध्ये मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या शिफारशींतून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेसची (आयआरसी) स्थापना झाली. या संस्थेच्या संहिता सार्वजनिक रस्त्यांसाठी आहेत. खासगी आवारांना त्या बंधनकारक नाहीत, तरी ठेकेदार व वास्तुविशारद मापे त्यांतूनच उचलतात.

खडक व पाणी : सीमाभागातील नूतनीकरणाचे आयुष्य डांबराच्या प्रतीपेक्षा खडी आणि निचरा यांवर अधिक ठरते, म्हणून भूरचनेचा थोडा विस्तार आवश्यक आहे. निपाणी, चिक्कोडी, अथणी हा पट्टा दख्खनच्या काळ्या पत्थराचा, म्हणजे बेसाल्टचा. बेळगाव शहराखालीही हाच खडक आहे, पण त्यावर जांभ्याचे आवरण आहे. गोकाक व सौंदत्तीच्या बाजूला कलादगी श्रेणीचे वालुकाश्म आणि क्वार्टझाइट (वालुकाश्मापासून बनलेला कठीण खडक) उघडे पडतात. गोकाकला घटप्रभा नदी सुमारे ५२ मी. खाली उडी घेते ती याच खडकावरून. खानापूर तालुक्यात जांभ्याबरोबर धारवाडी शिस्ट व नाइस हे रूपांतरित खडक येतात. या प्रदेशाचे पहिले व्यवस्थित भूवर्णन रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८७६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांनी आखलेली कलादगी श्रेणीची चौकट पुढे पुष्कळ दुरुस्त झाली, पण टिकून आहे.

याचा डांबराशी संबंध असा. क्वार्टझाइटमध्ये सिलिकेचे प्रमाण फार असते आणि अशा पृष्ठाला डांबरापेक्षा पाणी जवळचे. पाणी खडी व डांबर यांच्या मध्ये शिरले की डांबराची साल सुटते आणि खडी मोकळी होते. बेसाल्टमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम व लोह यांची खनिजे असल्याने पकड चांगली राहते. भारतीय मानकातील परीक्षा साधी आहे: डांबर लावलेली खडी ४० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात २४ तास ठेवायची आणि किती भागावर डांबर शिल्लक राहिले ते डोळ्यांनी ठरवायचे, किमान ९५ टक्के राहावे अशी अपेक्षा असते. डोळ्यांचा अंदाज माणसागणिक बदलतो, ही या परीक्षेवरची जुनी टीका आहे. खडी परीक्षेत नापास झाल्यास मिश्रणात एक ते दोन टक्के विरलेला चुना घालतात किंवा पकड वाढवणारे रसायन वापरतात.

खडकाच्या जातीला इतके महत्त्व द्यावे का, याबद्दल मात्र दोन मते आहेत. एका मतानुसार सिलिकेचे प्रमाणच निर्णायक. दुसऱ्या मतानुसार खडीवर चिकटलेली धूळ आणि दाबल्यानंतर थरात उरलेली पोकळी यांचा दोष खडकाच्या माथी मारला जातो. १९९० च्या दशकात अमेरिकेतील संशोधनातून असे मांडले गेले, की पोकळी पाच टक्क्यांच्या आत असेल तर पाणी शिरत नाही, फार असेल तर वाहून जाते. आठ ते बारा टक्क्यांच्या मधल्या टप्प्यात मात्र ते शिरते आणि अडकून पडते. आवारात रोलर कोपऱ्यापर्यंत पोहोचत नाही, मिश्रण थंड होते आणि थर नेमका या मधल्या टप्प्यात राहतो. काळ्या पत्थराच्या उत्तम खडीनेही गेटजवळचे काम दोन पावसाळ्यांत उखडते, याचा उलगडा या दुसऱ्या मतानेच होतो.

पाऊसमानातही अंतर मोठे आहे. घाटमाथ्यावरील कणकुंबीकडे वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस होतो, अथणीकडे पाचशे-सहाशेच्या घरात. पश्चिमेला पाणी वरून मारते. पूर्वेला काळी माती खालून फुगते आणि आटते. तिच्या भेगा नव्या थरातून जशाच्या तशा वर उमटतात. अशा जागी पृष्ठ कितीही वेळा बदलले तरी उपयोग होत नाही. काळी माती काढून मुरूम भरावा लागतो आणि ते नूतनीकरण उरत नाही.

कृती : प्रथम पाहणी. मगरीच्या पाठीसारख्या जाळीदार भेगा दिसल्या तर पाया गेलेला असतो. तेवढा तुकडा चौकोनी कापून, खणून, खडीने भरून घेतात. सुट्या लांब भेगा डांबराने बुजवतात. रस्त्यांसाठी बेंकेलमन तुळईने खचण्याचे माप घेण्याची पद्धत आहे. आवारात ती क्वचितच वापरतात. टिकाव मारून पाहणे हीच परीक्षा.

थराची जाडी हा वादाचा नेहमीचा मुद्दा. २० मि.मी. प्रीमिक्स कार्पेट (आधी कालवलेल्या खडी-डांबराचा पातळ थर) व वर सीलकोट (पाणी अडवणारा लेप) हे स्वस्त काम. ३० ते ४० मि.मी. जाडीचे घन मिश्रण (बिट्युमिनस काँक्रीट) महाग. ४० मि.मी. जाडीने १०,००० चौ. फूट आवाराला सुमारे ८९ टन माल लागतो, म्हणजे दहाचाकी टिपरच्या पाच-सहा खेपा. यापेक्षा लहान आवारांना स्वतंत्र माल परवडत नाही आणि ती कामे जवळ रस्त्याचे काम चालू असताना त्याच्या पोटात उरकली जातात. पातळ थर कमी वाहनांच्या जागी चालतो. मालाच्या गाड्या येणाऱ्या वखारीत तो घालणे फुकट खर्च होय.

जुना पृष्ठभाग झाडून, हवेने फुंकून स्वच्छ केल्यावर टॅककोट, म्हणजे नवा थर जुन्याला चिकटवणारा लेप, मारतात. हे डांबराचे पाण्यातील पायस (इमल्शन) असून प्रमाण दर चौ. मीटरला ०.२ ते ०.३ किलो. फवारताना ते तपकिरी दिसते. पाणी सुटून काळे पडेपर्यंत थांबावे लागते. घाईत तपकिरी असतानाच माल ओतला, किंवा टिपरची चाके त्यावरून फिरून चिकटा उचलून गेली, तर नवा थर पापुद्र्यासारखा सुटतो. व्हीजी-३० प्रतीच्या (व्हीजी ही डांबराच्या दाटपणावरून ठरणारी प्रत) डांबराचे मिश्रण साधारण १५० ते १६५ अंशांना तयार होते आणि ९० अंशांच्या आत उतरण्यापूर्वी दाबून पुरे व्हावे लागते. मोकळ्या भागात पेव्हर (माल पसरणारे यंत्र) चालतो. खांबांभोवती व शटरसमोर फावडे, घमेले आणि दांड्याची फळी यांवरच काम होते, व तेथेच पोकळी जास्त राहते.

पातळी हा दुसरा नाजूक विषय. थरावर थर चढत गेला की दुकानाची पायरी बुडते, चेंबरची झाकणे खड्ड्यात जातात आणि पावसाचे पाणी गटाराऐवजी शटरखालून आत येते. म्हणून जुना थर यंत्राने खरवडणे श्रेयस्कर मानतात. जुन्या पेठांच्या बोळांत खरवडयंत्र वळत नाही, आणि छोट्या आवारासाठी ते आणणे परवडतही नाही. मग निदान कडेची दोन-तीन फूट पट्टी हाताने काढून उतार राखतात. पृष्ठाला सुमारे दोन टक्के उतार असावा. दोरी लावून तो आधी तपासणे हे कामातील सर्वांत स्वस्त आणि सर्वाधिक टाळले जाणारे पाऊल आहे.

भार : रस्त्यावरील वाहन पुढे जाते, आवारातील उभे राहते. गळीत हंगामात वजनाच्या रांगेत तासन्‌तास थांबलेल्या उसाच्या दुहेरी ट्रॉल्यांमुळे उन्हाने मऊ झालेल्या डांबरात चाकोऱ्या पडतात. उभ्या जागी स्टिअरिंग फिरवल्याने खडी चिरडून निघते. आसावरील भार दुप्पट झाल्यास हानी सुमारे सोळापट होते, हा ठोकताळा अमेरिकेतील १९५८–६० च्या रस्ता-चाचणीतून आला. त्यातील घातांक (हानी भाराच्या चौथ्या घाताने वाढते, हा) सर्व प्रकारच्या रस्त्यांना सारखाच लागू पडतो असे नाही आणि उभ्या भाराला तर तो लावूच नये. अशा जागी व्हीजी-४० सारखे कडक डांबर किंवा सरळ काँक्रीट योग्य. पेट्रोल पंपावर डिझेल सांडते व त्यात डांबर विरघळते, म्हणून भरणीची जागा काँक्रीटची किंवा पेव्हर ब्लॉकची करतात.

हंगाम व परवाने : कामे दिवाळीनंतर सुरू होऊन मेपर्यंत चालतात. एप्रिल-मेमधील वळीव दुपारी अचानक येतो, म्हणून त्या काळात माल सकाळी उतरवतात. दगड हे गौण खनिज असल्याने त्याचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. कर्नाटकात १९९४ चे, महाराष्ट्रात २०१३ चे. महाराष्ट्रातील चंदगड किंवा कागलकडची खडी बेळगावात आणताना म्हणूनच वाहतुकीची कागदपत्रे दोन्ही राज्यांच्या नियमांत बसावी लागतात. बेळगाव छावणीचा भाग महापालिकेच्या हद्दीबाहेर असल्याने तेथे गटार जोडणीची परवानगी छावणी मंडळाकडे मागावी लागते.

खरवडलेला माल : आयआरसीने २०१५ मध्ये जुन्या डांबरी मालाच्या पुनर्वापराची संहिता काढली. आवारांतून निघालेला माल मात्र सहसा शेताच्या वाटेवर किंवा मागच्या कच्च्या अंगणात पसरला जातो. उन्हात रोलर फिरवला की तो बऱ्यापैकी घट्ट बसतो.