टॅब आणि संवादी फलक : वर्गभर फिरते अध्यापन

शिक्षकाने टॅब हातात घेऊन बाकांमधून फिरत शिकवायचे आणि टॅबवर लिहिलेले त्याच क्षणी समोरच्या मोठ्या स्पर्शपडद्यावर उमटायचे, अशी ही अध्यापनपद्धती. पडदा कोणत्याही कंपनीचा असो, मुंबईच्या शाळांत त्याला सर्रास ‘स्मार्ट बोर्ड’च म्हणतात. या नावाचा फलक कॅनडातील स्मार्ट टेक्नॉलॉजीज कंपनीने १९९१ मध्ये बाजारात आणला. त्याला प्रोजेक्टर लागे, आणि लिहिणाऱ्याची सावली नेमकी अक्षरांवर पडे. आताचे ६५ ते ८६ इंची पॅनेल स्वयंप्रकाशी असल्याने ती अडचण राहिलेली नाही.

बऱ्याच पॅनेलच्या चौकटीतून पडद्यालगत अवरक्त किरणांचे अदृश्य जाळे पसरलेले असते. बोटाने किरण अडला की स्पर्शाची जागा कळते. बोटच हवे असे मात्र नाही. पदर किंवा शर्टाची बाही अडली तरी आकृतीवर नको ती रेघ उमटते. टॅब पॅनेलला बिनतारी जोडतात, त्याला ‘कास्ट करणे’ म्हणतात. मीराकास्ट पद्धतीत दोन उपकरणे थेट जोडली जातात, इंटरनेट लागत नाही. इतर पद्धतींत साधारणपणे दोन्ही एकाच वायफायवर असावी लागतात. टॅब पाहुण्यांच्या नेटवर्कवर आणि पॅनेल कार्यालयाच्या, अशी स्थिती असली की तास तिथेच अडतो.

मुंबई महापालिकेचे दोन प्रयोग या संदर्भात हमखास आठवतात. २०११ च्या सुमारास सुरू झालेल्या व्हर्च्युअल क्लासरूममध्ये स्टुडिओतला शिक्षक उपग्रहाद्वारे अनेक शाळांना एकाच वेळी शिकवी. २०१५ मध्ये आठवीच्या विद्यार्थ्यांना अभ्यासक्रम भरलेले टॅब मिळाले. दप्तराचे ओझे कमी व्हावे हा मुख्य हेतू होता. दोन्हींत वर्गातल्या शिक्षकाचे काम फारसे बदलत नव्हते, म्हणून ती या पद्धतीची उदाहरणे मानता येत नाहीत. येथे सारा भर त्याच्या हालचालीवर आहे.

या पद्धतीचा उपयोग गणिताच्या तासाला उत्तम दिसतो. शेवटच्या बाकावरच्या मुलीने कंसाबाहेरचे ऋण चिन्ह आत नेताना −(x − ३) चे −x − ३ केले असेल, तर बाई तिच्या वहीचा फोटो घेतात, नाव झाकतात आणि पडद्यावर टाकतात. चुकीची पायरी वर्गच शोधतो. मग टॅब त्या मुलीच्याच हाती जातो आणि ती जागेवरूनच −x + ३ लिहिते. फळ्याशी जायला कचरणारी मुले असा टॅब बिनधास्त घेतात. शिवाय दाटीवाटीच्या बाकांतून मागच्या मुलाला पुढे यायला लागणारा वेळही वाचतो.

प्राथमिक वर्गांत पेनने लिहिणे टंकलेखनापेक्षा सरस ठरते. अनेक फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात. मराठी वळण गिरवून घ्यायचे तर शिक्षकाचाच हात हवा. बालभारतीच्या पुस्तकांतील क्यूआर कोड टॅबवर स्कॅन करून २०१७ पासूनच्या ‘दीक्षा’ या शासकीय ऑनलाइन शैक्षणिक मंचावरील साहित्य दाखवता येते, पण नुसती चित्रफीत लावून बसायचे तर टॅब हातात घेऊन फिरण्याची गरजच काय?

सकाळ-दुपार अशा दोन अधिवेशनांत भरणाऱ्या शाळांत सकाळचे टॅब दुपारच्या शिक्षकांकडे अर्धवट चार्ज होऊन येतात. पॅनेलवरचे सकाळचे लिखाणही कोणी तरी जतन करावे लागते, नाहीतर ते पहिल्याच तासाला पुसले जाते.